आधी पासिंग, मग पैसे

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र सोलापुरातून आलं आहे. लिहिणाऱ्याचं वय अडतीस. मंगळवेढा भागातून ज्वारीचा कडबा उचलायचा आणि सोलापुरातल्या व आसपासच्या गोठ्यांना पोचवायचा, हा त्यांचा धंदा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत साधारण साठ फेऱ्या होतात आणि दर फेरीला साडेपाच हजार रुपये ट्रकभाडं जातं. केगावच्या पुढे एका मोकळ्या जागेत १९७८ सालचा टाटा १२१० ट्रक उभा आहे. लाकडी बॉडी, जुनी केबिन, आणि इंजिन म्हणे एका सेल्फला लागतं, म्हणजे पहिल्याच स्टार्टला चालू होतं. मागणी सव्वातीन लाखांची. पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा आरटीओचा दाखला, संपून तीन वर्षं झाली. मूळ मालक वारला आहे, पण त्याच्या सह्यांचे फॉर्म हातात असल्याचं विकणारा सांगतो. शिवाय, 'आणखी दोन-तीन वर्षांत ही गाडी व्हिंटेजमध्ये जाईल, मग दुप्पट पैसे येतील' असंही त्याचं म्हणणं. पत्रलेखकाचे वडील एकाहत्तर वर्षांचे. त्यांची उभी हयात अशाच गाडीवर, सोलापूर-मुंबई लाइनला गेली. गुढीपाडव्याला गाडी दारात उभी करून त्यांना चकित करायचं असं मुलाच्या मनात आहे. पत्नीचा विरोध आहे. ती म्हणते, 'भंगार आहे ते. आणि कागद कुणाच्या नावावर आहेत?' यावरून घरात आठवडाभर अबोला आहे. ते विचारतात: गाडी घेऊ का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी हिशेबाकडे पाहिलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की गाडीबद्दल तुम्ही दोन पानं लिहिली आहेत आणि त्यातलं जवळजवळ दीड पान तुमच्या वडिलांबद्दल आहे. केबिनच्या दारावर कोपर टेकवून बसायची त्यांची ढब, लहानपणी तुम्हाला बॉनेटवर बसवून काढलेला फोटो, घाट उतरताना गिअर कसा टाकायचा हे त्यांनी तोंडाने आवाज काढून शिकवणं. हे सगळं खरं आहे आणि त्याला मोल आहे. पण या ओढीचं ओझं तुम्ही धंद्याच्या हिशेबावर टाकलं आहे, आणि तो हिशेब एवढं ओझं पेलत नाही. म्हणून आधी हिशेब बघू, वडिलांकडे नंतर येऊ.

तुम्ही लिहिता, साठ फेऱ्या गुणिले साडेपाच हजार म्हणजे तीन लाख तीस हजार, म्हणजे गाडी एका हंगामात फिटली. मी एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बरीच वर्षं हिशेब लिहिले आहेत, आणि पहिल्यांदा ट्रक घेणारा जवळजवळ प्रत्येक माणूस अशीच सुरुवात करतो. पण भाड्याचा ट्रक तुमच्याकडून साडेपाच हजार घेतो, त्यात त्याचं डिझेल आहे, ड्रायव्हर आहे, टायरची झीज आहे. स्वतःची गाडी आली की हे सगळे खर्च तुमच्या दारात येतात. गावोगाव फिरून कडबा भरायचा तर जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर सहज होतात. एवढी जुनी गाडी लिटरला साडेचार किलोमीटर गेली तरी चांगली म्हणायची. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस लिटर, आणि डिझेल नव्वदीच्या घरात धरलं तर अडीच हजार. ड्रायव्हरचे आठशे. ऑइल, ग्रीस, पंक्चर आणि वाटेतला किरकोळ खर्च चारशे. झाले तीन हजार सातशे. तुमची खरी बचत फेरीला अठराशे रुपये, साठ फेऱ्यांचे एक लाख आठ हजार.

आता वर्षाचे बांधील खर्च. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर ठरत नाही, वजनावर ठरतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. २०२२ च्या दरपत्रकात साडेसात ते बारा टन एकूण वजनाच्या मालगाडीला २७,१८६ रुपये आहेत, वर जीएसटी. गाडी कालची असो की १९७८ ची, आकडा तोच. आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकावर) वजन बारा टनांच्या थोडं जरी वर लिहिलेलं असलं तरी पुढचा टप्पा लागतो, तो ३५,३१३ चा. आपण तीस हजार धरू. पासिंगसाठी गाडी तयार करणं, म्हणजे रंग, रिफ्लेक्टर, लाइट, ब्रेकचं काम, त्यावर फी, रोड टॅक्स आणि जुन्या गाडीला लागणारा पर्यावरण कर, याचे आणखी तीस हजार. फीची खात्री आरटीओत जाऊनच करा, कारण पंधरा वर्षांवरच्या मालगाड्यांची फिटनेस फी २०२२ पासून बरीच वाढलेली आहे. सहा टायर नवे घातले तर लाखाच्या घरात जातात. ते चार हंगाम पुरले असं म्हटलं तरी वर्षाचे पंचवीस हजार. एक लाख आठ हजारांतून हे पंच्याऐंशी हजार गेले, उरले तेवीस हजार.

सव्वातीन लाख भागिले तेवीस हजार केलं की चौदा वर्षं येतात. तोवर गाडी साठी ओलांडून गेलेली असेल. आणि या चौदा वर्षांत एकदाही क्लच, डिझेलचा पंप, गिअर बॉक्स किंवा हेडचं काम निघालं नाही असं मी धरलं आहे, जे होणार नाही. हंगामात गाडी आठ दिवस गॅरेजला लागली तर त्या आठ दिवसांचा भाड्याचा ट्रक वेगळा.

माझे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. तुमचे खरे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांडा. पण मांडताना पत्नीला शेजारी बसवा, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य तिचं आहे. 'कागद कुणाच्या नावावर आहेत?' तुम्ही लिहिलंत की तिला गाड्यांतलं काही कळत नाही. गाड्यांतलं ज्यांना कळतं ते पहिला प्रश्न हाच विचारतात.

मेलेल्या माणसाच्या सहीवर गाडी नावावर होत नाही. तो जिवंत असताना केलेल्या सह्या असल्या तरी नाही. मूळ मालक वारला असेल तर आधी त्याच्या वारसाने मृत्यूचा दाखला जोडून फॉर्म ३१ भरायचा, बाकीच्या वारसांची संमती द्यायची आणि गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. त्यानंतर तो वारस फॉर्म २९ आणि ३० वर सही करून तुम्हाला विकू शकतो. तुमच्याशी बोलणी करणारा माणूस वारस आहे का, की मधला कुणी आहे, हे पत्रात नाही. मधला असेल तर तुम्ही त्याला पैसे देऊन फक्त लोखंडाचा ताबा घेताय, गाडी नव्हे. उद्या रस्त्यात कुणाला धक्का लागला, तर विमा नाही, पासिंग नाही, मालक हयात नाही आणि स्टिअरिंगवर तुमचा माणूस. अशा वेळी काय काय निस्तरावं लागतं ते मी जवळून पाहिलं आहे. ते तुमच्या घरावर येऊ नये.

आणखी तीन गोष्टी कागदावर बघून घ्या. १९७८ ची गाडी म्हणजे सोलापूरची एमएच-१३ मालिका येण्याच्या आधीचा जुना अक्षरी नंबर. अशा गाड्यांची नोंद कित्येकदा आरटीओच्या कॉम्प्युटरवर चढलेलीच नसते, ती जुन्या रजिस्टरातून चढवून घ्यावी लागते. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. काहीच दिसलं नाही तर आरटीओत जाऊन विचारा की नोंद जिवंत आहे का, रद्द तर झालेली नाही ना, टॅक्स कुठपर्यंत भरला आहे आणि थकलेल्या काळाचा दंड किती बसेल. दुसरं, कर्जाचा बोजा. चाळीस वर्षांपूर्वी कुणा पतसंस्थेचं कर्ज काढलेलं असेल आणि फेडूनही आरसीवरून उतरवलं नसेल, तर ते आता तुमच्या गळ्यात. तिसरं, चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) नंबर आणि इंजिन नंबर. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. इंजिनच्या बाबतीत जास्त सावध राहा. टाटाच्या या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत ६९२ म्हणजे ब्याण्णव मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ६९७ म्हणजे सत्त्याण्णवचा. मधल्या काळात कुणी मूळ इंजिन काढून दुसरं बसवलं असेल आणि आरसीवर ती नोंद केली नसेल, तर पासिंगच्या वेळी गाडी तिथेच अडते.

आता विकणाऱ्याच्या त्या 'व्हिंटेज'विषयी. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली आणि मोठी फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण ही गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, डिझेल भरायला किंवा दुरुस्तीला. भाडं मारायला नाही, कडबा वाहायला तर नाहीच. मुळात हे नियम वैयक्तिक वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी केलेले आहेत. मागे जोडचाकं असलेली मालगाडी त्यात घेतील का, हे आरटीओतून लेखी कळल्याशिवाय त्यावर एक रुपयाही लावू नका. १९७८ ची गाडी २०२८ साली पन्नाशीची होईल हे विकणाऱ्याचं गणित बरोबर आहे. पण तोवर तिच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर तुम्ही इंजिन बांधणार, बॉडी बदलणार, वायरिंग नवं घालणार, आणि मूळ रूप तिथेच संपणार. एक तर ती कामाची गाडी राहील, नाही तर जपून ठेवायची. दोन्हींचे पैसे एकाच गाडीत मोजू नका. आणि दुप्पट किंमत देणारं गिऱ्हाईक कोण, हेही त्याला विचाराच. जुन्या मोटारी आणि मोटरसायकली जमवणारे पुष्कळ आहेत, पण सात मीटरचा ट्रक ठेवायला जागा असलेला हौशी माणूस शोधावा लागेल.

'तेव्हाचं लोखंड होतं, आताच्या गाड्या पत्र्याच्या' असं तुम्ही लिहिलंत. यात तथ्य आहे. १९५४ साली जमशेदपूरला जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर टाटांनी ट्रक बांधायला घेतले. १९६९ ला करार संपला, बॉनेटवरचा तारा जाऊन 'टी' आला, पण गाडीची घडण तीच राहिली. ही यंत्रं साधी आहेत, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, जुना मिस्त्री आवाजावरून दोष सांगतो. इंजिनचे सुटे भागही पुष्कळ मिळतात. पण लोखंडालाही थकवा येतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ओझं वाहिलेल्या चासीला पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) हँगरजवळ बारीक तडे जातात, कुणीतरी तिथे वेल्डिंग मारतं, वर काळा रंग देतं, आणि बघणाऱ्याला गाडी ठणठणीत वाटते. शिवाय यंत्र साधं असून भागत नाही, ते जाणणारा माणूस लागतो. हैदराबाद रोडच्या गॅरेजांत फिरून विचारा, जुना पंप उघडून बसवणारे किती हात उरले आहेत. पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी चालवायला तरुण ड्रायव्हर तयार होतात का, हेही विचारा. आठशे रुपयांत तर नाहीच होणार.

इथून मी तुमच्या वडिलांकडे येते.

दोन पानांच्या पत्रात वडिलांचं मत एका ओळीतही नाही. तुम्हाला त्यांना चकित करायचं आहे, म्हणून त्यांना विचारलं नाही. पण या गाडीबद्दल ज्याचं मत सगळ्यात आधी घ्यावं असा माणूस तुमच्याच घरात बसलेला आहे. उभी हयात त्यांनी या स्टिअरिंगशी काढली. त्या हयातीत रात्रीची जागरणं होती, घाटात तापलेले ब्रेक होते, तुमच्या जन्माच्या वेळी कदाचित घरी नसणंही होतं. आपल्याला बॉनेटवरचा फोटो आठवतो, त्यांना कंबर आठवत असेल. माझ्या ओळखीचे निवृत्त ड्रायव्हर दोन तऱ्हेचे आहेत. काही जण अजून रस्त्याकडेला खाट टाकून गाड्यांचे आवाज ऐकत बसतात, आणि काही जण ट्रककडे पाठ फिरवून चहा पितात. तुमचे वडील यातले कोणते, हे मला पत्रावरून कळलं नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही अजून नक्की कळलेलं नाही.

समजा ते हरखले. तरी एक अडचण आहेच. गाडी दारात आल्यावर ते चालवायला मागणार. एकाहत्तराव्या वर्षी, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीवर, एप्रिलच्या उन्हात. त्यांचं हेवी ट्रान्सपोर्टचं लायसन्स आज चालू आहे का? ते दर पाच वर्षांनी नव्याने काढावं लागतं, आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. नाही म्हणायची वेळ तुमच्यावर आली तर ते तुम्हाला जमेल का, याचा विचार आत्ताच करा.

म्हणून चकित करण्याचा बेत सोडून द्या आणि त्यांना घेऊन केगावला जा. 'एक जुनी बारा-दहा बघायचीय, तुमच्याशिवाय कळणार नाही,' एवढंच सांगा. मुलाने आपल्या कसबावर विसंबावं, यासारखा मान त्यांना दारात उभ्या केलेल्या गाडीतून मिळणार नाही. वाखरीच्या बाजारात बैल घेणारा जसा मालकाच्या तोंडाकडे न बघता बैलाला आधी चालवून बघतो, तसं त्यांना बघू द्या. तुम्ही मधे बोलू नका. ते 'नको' म्हणाले तर तिथून थेट घरी या, आणि वाटेत त्यांना समजवायला जाऊ नका.

जाताना विकणाऱ्याला वेळ सांगू नका, नाहीतर तो गाडी आधीच गरम करून ठेवील. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनवर हात ठेवा, ते गार असायला हवं. 'एका सेल्फला लागते' याला अर्थ आहे तो गार इंजिनवर. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडून बघा, तिथून धूर आणि दाब मारत असेल तर लायनर-पिस्टनचं काम आलं. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पंप-नोजलकडे बघायचं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गेलंय. हे सगळं दुपारी बाराला करा आणि इंजिन तासभर चालू ठेवा. तुमचा हंगाम सोलापूरच्या उन्हाळ्यातला, पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो, आणि क्षार साचलेला रेडिएटर सकाळी सातला कधीच आपलं रूप दाखवत नाही.

मग गाडीखाली जा. चासीवर ताजा काळा रंग दिसला की तो खरवडून बघा. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा, किंग पिनचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा, खेळ हाताला कळतो. जॉइंट क्रॉस, सेंटर बेअरिंग, पाटे हेही बघा. डिफरन्शियलचा आवाज गाडी चालल्याशिवाय कळणार नाही, आणि पासिंग नसलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही, तेव्हा त्या मोकळ्या जागेतच पुढे-मागे घेऊन बघा. पुढच्या चाकांना रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर असतील तर ते किमतीतून वजा करा. ब्रेक कोणते आहेत ते विचारा. जुने व्हॅक्यूमचे असतील तर त्यांचं काम जाणणारा मिस्त्री आधी गाठा. फाळक्याच्या, हौद्याच्या लाकडाची काळजी सगळ्यात शेवटी, ते काम सुताराचं आहे आणि मनासारखं होतं.

कडब्याच्या गाडीला एक वेगळी परीक्षा लागते आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गंजलेला सायलेन्सर, उघड्या वायरी, आणि वर वाळलेल्या पेंढ्या. गावातल्या खाली आलेल्या विजेच्या तारांना घासून कडब्याचे ट्रक पेटल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. भाड्याच्या ट्रकच्या बाबतीत ही काळजी दुसऱ्याची असते. तुमच्या गाडीला कुठली कंपनी स्वतःच्या नुकसानीचा विमा देईल असं मला वाटत नाही, म्हणजे पेटली तर गाडीही गेली आणि मालही. घेतलीच तर वायरिंग पूर्ण नवं, सायलेन्सरचं तोंड लोडपासून दूर आणि केबिनमध्ये चालू स्थितीतलं अग्निशामक नळकांडं, हे पहिल्या फेरीच्या आधी.

बाकीचे आठ महिने भाडं मारू, असंही तुम्ही लिहिलंय. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची प्रचंड आवक असते, खरं आहे. पण लिलावाला वेळेवर पोचलं नाही तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि म्हणून तो भरवशाची गाडी बघतो. उसाच्या वाहतुकीचे करार कारखाने आधी करतात आणि तो हंगाम तुमच्या कडब्यावर चढतो. शहरात दिवसा जड वाहनांना बंदीच्या वेळा असतात. भाड्याचा धंदा करायचा असेल तर जरूर करा, पण तो वेगळा धंदा आहे, त्याला वेगळं भांडवल आणि वेगळा वेळ लागतो. जुनी गाडी रिकामी राहू नये म्हणून त्यात उतरू नका.

तुमची गरज फक्त कडबा आणण्याची असेल, तर मी तुमच्या जागी असते तर दोन गोष्टी तोलून बघितल्या असत्या. एक, भाड्याच्या ट्रकवाल्याशी पूर्ण हंगामाचा करार. साठ फेऱ्या एकाच माणसाला देतो म्हटलं तर साडेपाचचे पाच हजार व्हायला हरकत नाही, आणि ते तीस हजार तुमच्या पदरात एकही बोल्ट न फिरवता पडतात. माझ्या हिशेबातले तेवीस हजार आठवा. दुसरं, साताठ वर्षं वापरलेली, कागद चोख असलेली टाटा ४०७ सारखी छोटी गाडी. ४०७ येऊन आता चाळीस वर्षं होत आली, १९८६ पासून ती रस्त्यावर आहे, मिस्त्री कुठल्याही नाक्यावर मिळतो. साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीचा थर्ड पार्टी हप्ता त्याच दरपत्रकात १६,०४९ आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, म्हणजे ड्रायव्हर नाही आला तर तुम्ही स्वतः फेरी मारू शकता. १२१० साठी तुम्हाला हेवीचं लायसन्स लागेल. पेंढ्या कमी बसतात आणि फेऱ्या वाढतात हे खरं आहे, तेवढं गणित मांडून बघा. या गाडीला कर्जही मिळू शकतं. १९७८ च्या गाडीला बँक दारातही उभी करणार नाही.

आणि हे सगळं वाचूनही ती बारा-दहा डोक्यातून जात नसेल, तर तीही वाट आहे आणि मी तिला वेडेपणा म्हणणार नाही. मग तिला धंद्यात धरू नका. घरात बसून सांगा की ही हौस आहे, वडिलांसाठी आणि माझ्यासाठी आहे, आणि तिला मी एवढेच पैसे लावणार. तो आकडा पत्नीने ठरवावा. लेकरांच्या शिक्षणाचे आणि कडब्याच्या आगाऊ रकमेचे पैसे त्याला लागता कामा नयेत. हौशीची गाडी विकत घेताना सव्वातीन लाखांना काही आधार उरत नाही. अशा गाडीची खालची किंमत भंगाराच्या वजनावर ठरते, तेवढा आकडा भंगारवाल्याकडून काढून आणा, आणि बोलणी तिथून वर न्या. वापरायची नसेल तर तशी आगाऊ सूचना आरटीओत देऊन कर थांबवता येतो, तेही करा. गाडी शेडमध्ये उभी राहू दे, रविवारी वडील इंजिन चालू करतील, नातवाला गिअर दाखवतील.

दोन्ही वाटांना एक अट मात्र सारखी ठेवा. ती बार्शी, सांगोला, पंढरपूरला जुना टेम्पो, जुनी जीप नाहीतर जुना ट्रॅक्टर-ट्रेलर हेरून ठेवलेल्या आणि मला अशीच पत्रं लिहिणाऱ्या वाचकांनाही लागू आहे. विकणाऱ्याला सांगा: वारसाच्या नावावर कर, पासिंग करून आण, मग उरलेले पैसे घे. इसार म्हणून स्टॅम्प पेपरवर पाच-दहा हजार द्या, त्यावर चासी नंबर लिहा, आणि इतक्या दिवसांत पासिंग न झाल्यास इसार परत, हेही लिहून घ्या. पासिंगचा खर्च तुम्ही सोसायला तयार असाल तर तो किमतीतून कापा, पण खटपट त्याची असू दे. गाडी त्याच्या म्हणण्याएवढी चांगली असेल तर त्याला यात तोटा नाही. तो टाळाटाळ करू लागला, 'कागदाचं नंतर बघू, एजंट आहे आपला' म्हणू लागला, तर तुम्हाला उत्तर मिळालं आणि त्यासाठी पैसेही गेले नाहीत.

पत्नीशी अबोला आजच संपवा. हे पत्र तिला वाचायला द्या आणि आरटीओत जाल तेव्हा तिला बरोबर न्या, खिडकीवर काय विचारायचं हे तिला तुमच्याइतकंच सुचेल.

राहिला पाडवा. तो मार्च-एप्रिलमध्ये येतो, तोवर कडब्याचा निम्मा हंगाम होऊन गेलेला असतो. वारसाची नोंद आणि पासिंग याला किती महिने लागतील ते कुणाच्या हातात नाही. तेव्हा १२१० चं काहीही ठरो, या हंगामासाठी नेहमीच्या ट्रकवाल्याला याच आठवड्यात गाठा आणि साठ फेऱ्यांचा भाव बोलून ठेवा. संक्रांतीनंतर तो दुसऱ्या कुणाला शब्द देऊन बसलेला असेल.